धुक्यातला नाखवा आणि सोन्याची लेखणी

एका राज्यात, जिथे डोंगर पाय धुवायला थेट समुद्रात उतरतात, प्रवाळा नावाची एक प्रधानकन्या होती. होती खरी, पण घरी नव्हती. सात वर्षे ती उत्तरेच्या हिमनगरात विद्या शिकत होती. तिथल्या एका पोथीत तिने वाचले की, आपला किनारा आणि समुद्रापलीकडचा पैलदेश यांची मैत्री तीनशे वर्षांची आहे, आणि असा स्नेह पृथ्वीवर दुसरा नाही. वाचताना तिचे डोळे भरून येत. पैलदेशाचे गलबत बंदराला लागताना शंख वाजत असतील, मुली फुले उधळत असतील, दोन्हीकडचे म्हातारे गळ्यात गळा घालून अश्रू ढाळत असतील, असे चित्र ती मनात रंगवी.

विद्या पुरी झाली, प्रवाळा परतली, आणि तिसऱ्याच दिवशी ते गलबत आले. नवे लुगडे नेसून ती धक्क्यावर धावली.

धक्क्यावर शंख नव्हता. तिथे आवडूमावशी होती. साठीची, सुकी मासळी विकणारी, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी.

"आलास काय रे इझमार?" मावशी ओरडली. "मला वाटलं, यंदा तरी समुद्र आमच्यावर दया करील!"

गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, नाखवा इझमार उभा होता. पैलदेशाचा हा कप्तान तीस वर्षे या बंदरात येत होता. तो तिकडून गरजला, "गिळलं होतं गं समुद्रानं! पण गेल्या वर्षीची तुझी चटणी पोटात होती. त्यालाच ठसका लागला!"

"चटणी खाऊन रडत होतास, ते विसरलास वाटतं?"

"रडतोय कोण? डोळ्यांना घाम आला होता!"

इकडून शंभर, तिकडून चाळीस माणसे हसू लागली. घटकाभर असाच वाग्बाणांचा पाऊस पडला. मग कोठे गलबतावरून दोर पडला आणि धक्क्यावरच्यांनी तो झेलला.

प्रवाळा लाजेने लाल झाली. ती तशीच राजवाड्यात गेली.

"महाराज, तीनशे वर्षांची मैत्री आणि हे असले स्वागत?"

राजा पुष्करसेन भला माणूस होता. "मग कसे असावे?"

"थोर मैत्रीला थोर शब्द असावेत."

"तथास्तु," राजा म्हणाला, आणि धक्क्यावर चेष्टा करण्यास बंदी झाली.

प्रवाळेपाशी एक सोन्याची लेखणी होती. परीक्षेत पहिली आली म्हणून आचार्यांनी दिलेली. ती कुठल्या खजिन्यातून आली होती, हे आचार्यांनाही ठाऊक नव्हते. पुढच्या मोसमासाठी प्रवाळेने त्या लेखणीने चौसष्ट ओळींचे स्वागत लिहिले. नाखव्याने काय उत्तर द्यावे तेही लिहून आगाऊ पाठवले.

गलबत आले. शंख वाजला, फुले उधळली. "हे उदार, हे शूर, हे सागरासारख्या गंभीर अतिथी," असे प्रवाळेने वाचले. इझमारने आपला कागद उलगडला, तोंडासमोर धरला आणि म्हटले, "हे उदार, हे शूर." कागद उलटा होता. प्रवाळेने ते पाहिले, पण शिष्टाचार म्हणून ती गप्प राहिली. आवडूमावशी तोंडाला पदर लावून उभी होती. कोणी हसले नाही. कोणी चटणीचे नाव काढले नाही. खजूर उतरला, नारळ आणि काथ्या चढला, आणि ज्या गलबताला एरवी आठवडाभर निघवत नसे ते दुपारीच निघाले.

ते खाडीच्या तोंडाशी पोचले आणि उतू जाणाऱ्या दुधासारखे समुद्रातून धुके वर आले. धक्क्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत त्याची भिंत उभी राहिली. आत गलबताची घंटा वाजत होती. ती कधी डावीकडून ऐकू येई, कधी उजवीकडून. वाट सापडत नव्हती. गलबतावर प्यायचे पाणी नऊ दिवसांचे होते.

धक्क्याच्या दीपस्तंभावर एक लंगडा कुरव पक्षी बसत असे. त्याला बोलता येते हे कोणाला माहीत नव्हते, कारण त्याला कोणी कधी काही विचारले नव्हते. प्रवाळेने विचारले.

"पक्षिराज, हे धुके कशाचे?"

"तुझ्या लेखणीचे," कुरव म्हणाला. "ती मधुजिव्ह जादूगाराच्या शापित खजिन्यातली आहे. तिचे शब्द गोड असतात आणि कोणालाही लागू पडतात. मित्रांनी मित्रांशी असे बोलायला सुरुवात केली की मध्ये धुके उभे राहते."

"उपाय?"

"तीन माणसांची चेष्टा कर. एक किनाऱ्यावरचे, एक सिंहासनावरचे, एक धुक्यातले. ते हसले तर धुके हटेल. दुखावले तर एक पायरी चढेल."

"एवढेच?"

"एवढेच," म्हणून कुरव पिसे साफ करू लागला.

प्रवाळा तडक आवडूमावशीच्या टोपलीपाशी गेली. चेष्टा म्हणजे काहीतरी वाईट बोलायचे, असा तिचा समज होता. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या अंगाला मासळीचा वास येतो."

मावशीने मान खाली घातली. "येतो, बाईसाहेब. त्याच वासावर माझी सहा पोरं वाढली."

धुके एक पायरी चढले. आत घंटा वाजली, पण आधीपेक्षा बारीक.

प्रवाळा तिथेच खाली बसली. तिला रडू आले, आणि कुरवाने सांगितलेले सारे तिने मावशीला सांगितले.

मावशी म्हणाली, "रडून काय होणार? चेष्टा करायला माणूस ठाऊक असावं लागतं. बस इथं आणि सुकट निवड."

चार दिवस प्रवाळेने सुकट निवडली. मावशी बोलत होती, ती ऐकत होती. बारा वर्षांमागे मावशीचा नवरा वादळात गेला. त्या साली इझमारने नाळेवरून एक शब्द काढला नाही. पागोटे काढून नुसता उभा राहिला. "ते मला बघवेना," मावशी म्हणाली. "मीच ओरडले, जीभ काय बांगड्यानं खाल्ली रे तुझी? तेव्हा तो रडला. मग मी रडले. आणि मग चटणी खाऊन पुन्हा रडला मेला!"

पाचव्या दिवशी मावशी एका मांजराला शिव्या देत होती आणि त्याच्यापुढे बोंबील टाकत होती. प्रवाळा म्हणाली, "मावशी, साऱ्या बंदराला तुम्ही शिव्या देता, आणि साऱ्या बंदराची मांजरं तुमच्याकडे जेवायला येतात. त्यांनी तुम्हाला केव्हाच ओळखलंय. मलाच उशीर झाला!"

मावशी मग जी हसली, ती टोपलीसकट कलंडली. धुके धक्क्यापासून हटून मासेमारांच्या होड्यांपलीकडे गेले.

सातव्या दिवशी प्रवाळा दरबारात उभी राहिली. राजा एकटा असला की आपल्याशीच सारीपाट खेळतो, हे तिने लहानपणी वडिलांच्या मागे लपून पाहिले होते.

"महाराज, अभय असावे."

"दिले."

"आपण सारीपाट दोन्ही बाजूंनी एकटेच खेळता. तरीही दर वेळी हरून कसे उठता?"

आधी पडद्याआडून राणी फिसकन हसली. मग राजा हसला, एवढा की मुकुट नाकावर आला. "अगं, समोरचा फार लबाड आहे!" तो म्हणाला. धुके खाडीच्या तोंडापर्यंत मागे सरले.

पण नाखवा धुक्याच्या आत होता. आठव्या दिवशी सकाळी मावशीने होडी काढली, वल्ही स्वतः धरली, आणि दोघी आत शिरल्या. समोरचे वल्हे दिसेना. तेवढ्यात मधासारखा आवाज आला.

"ये, हे बुद्धिमती! हे सुंदरी! हे थोर कुळाच्या कन्ये! तुझ्यासारखी तूच. थांब इथे."

मधुजिव्ह बोलत होता. प्रवाळेला गुंगी आली. खूप दिवसांत कोणी तिची स्तुती केली नव्हती. मग तिच्या ध्यानात आले की, हे शब्द तिने स्वतःच लिहिल्यासारखे आहेत.

"माझे नाव काय?" तिने विचारले.

आवाज गप्प झाला. त्याला नाव ठाऊक नव्हते. पुन्हा काही तो बोलला नाही.

दूर घंटा एकदाच वाजली. प्रवाळा होडीत उभी राहिली आणि साऱ्या पोथ्या विसरून ओरडली, "अहो नाखवा! कागद उलटा धरून वाचलात तो वाचलात, आता नकाशाही उलटा धरलाय काय?"

मग धुक्यातून घोगरा, तहानलेला आवाज आला.

"कोण, चौसष्ट ओळीवाली काय? पोरी, ते भाषण ऐकता ऐकता उभ्याउभ्या झोपलो, तो आत्ता जागा होतोय! या धुक्याहून दाट होतं ते!"

प्रवाळा हसली. मावशी हसली. धुक्यात चाळीस गळे हसले, आणि त्या हसण्याने भिंतीला भेग गेली. ऊन आत आले. गलबत हाताच्या अंतरावर होते! प्रवाळेच्या कमरेची लेखणी गुळासारखी विरघळून पाण्यात गळाली.

"आवडू," नाखवा म्हणाला, "पाणी दे आधी. चटणी मग."

"चटणी आधी," मावशी म्हणाली. पण घागर तिने अगोदरच पुढे केली होती.

त्या दिवशी बंदरात सण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा धक्क्यावर आला आणि म्हणाला, "प्रवाळे, या चेष्टा ताम्रपटावर कोरून ठेव. तुला राजवक्त्रीचे पद दिले."

"महाराज, कोरलेली चेष्टा पुढल्या मोसमात शिळी होईल. आणि नाखव्याची मी एकच चेष्टा करू शकले. त्याच्या चाळीस माणसांची मला नावेही ठाऊक नाहीत. मी वर्षभर पैलदेशी जाऊन राहते. मैत्रीबद्दल वाचून झाले. आता माणसे ओळखून येते."

राजाने मुकुट सावरला आणि मान डोलावली. प्रवाळा गलबतावर चढली. मावशीने एक गाठोडे वर फेकले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"येताना भाषण आणू नकोस गो! वजनानं गलबत बुडेल!"

"नाही आणत, मावशी!" प्रवाळा नाळेवरून ओरडली. "तुझी चटणी दिली आहेस ना? तेवढ्यानंही बुडेल!"

अवघा धक्का हसला. समुद्र क्षितिजापर्यंत स्वच्छ होता. कुरव दीपस्तंभावर आपल्या एका पायावर उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. आता त्याला कोणी काही विचारायचे कारण उरले नव्हते.