गोरखचिंचेची वाळकी फांदी

"...आणि मग एवढी एकच फांदी वाळकी कशी हो?"

विचारणाऱ्या बाई इचलकरंजीच्या. वसुधाताई त्यांचं नाव. टेकडी चढून आल्यामुळे धाप लागली होती, पण प्रश्नांचा उत्साह काही कमी झाला नव्हता.

मठातला केवलनाथ हसला. या प्रश्नाची तो वाटच बघत असायचा. कुणी नाहीच विचारला, तर स्वतःच विषय काढायचा.

समोर गोरखचिंच उभी होती. हत्तीच्या कातडीसारखी साल, आणि दहा माणसांनी हात धरून उभं राहिलं तरी कवेत न येणारं खोड. कुणा जुन्या नाथानं तिच्याखाली बसून शिष्यांना उपदेश केला, असं गावात सांगतात. वय बोर्डावर लिहिलं होतं. बोर्ड दर वेळी नव्यानं रंगवताना ते थोडं वाढायचं.

श्रावण चालू होता. झाड पानांनी गच्च भरलेलं. फक्त मठाच्या बाजूची एक जाड फांदी उघडी होती. तिच्या बुडाशी नवसाचे दोरे आणि लाल फडकी इतकी बांधलेली, की खालची साल दिसू नये.

"ताई, ती फांदी वाळलेली नाही," केवलनाथ म्हणाला. "तिनं दुखणं घेतलंय."

"कुणाचं?"

"माझ्या गुरूंचं."

बसमधून आलेली सगळी मंडळी जवळ सरकली. जे झाडाकडे पाठ करून फोटो काढत होते, तेही वळले. लोक इतक्या लांबून झाड बघायला येतात आणि पाठ करूनच उभे राहतात, हे मला आजवर कळलेलं नाही. असो.

केवलनाथ सांगू लागला. त्याचे गुरू धुळीनाथ महाराज एका वैशाखात छातीच्या दुखण्यानं आडवे झाले. तालुक्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळतं.

"मी इथं आलो. गुरूंच्या नावानं या फांदीला बंध बांधला. झाडाला म्हटलं, त्यांचं जे काही असेल ते तू घे." केवलनाथ क्षणभर थांबला. कुठं थांबायचं, हे त्याला सवयीनं ठाऊक झालं होतं. "त्याच आठवड्यात महाराज उठून बसले. भाकरी मागितली. आणि त्या पावसाळ्यापासून ही फांदी झडायला लागली."

"अगंबाई!" वसुधाताई म्हणाल्या.

"दर वर्षी पानं कमी. यंदा एकही नाही. ही एकेक पान देते आणि माझ्या गुरूंना एकेक दिवस मिळतो."

कुणीतरी हात जोडले. कुणीतरी नाक ओढलं. खरं सांगायचं तर, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असंच तो सांगायचा. झाडाचं नाव दूरवर झालं, ते या गोष्टीमुळेच.

"आणि तो बंध सुटला तर?" वसुधाताईंनी विचारलं.

"सुटणार नाही."

"पण समजा..."

"मी बांधलाय, ताई. सुटणार नाही."

तेव्हा घोळक्याच्या मागून आवाज आला.

"कुठंय तो बंध?"

सगळे वळले. मागं एक म्हातारा उभा होता. किडकिडीत. डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत छत्री. दुसऱ्या बसमधले कुणी आजोबा असतील, असं मंडळींना वाटलं.

केवलनाथाचा चेहरा उतरला.

"महाराज! तुम्ही कशाला आलात इथं?"

तो धावला. पाया पडला. नाथपंथात नमस्काराला 'आदेश' म्हणतात. तसं तो म्हणाला. म्हाताऱ्यानंही 'आदेश' म्हटलं.

"डॉक्टरनं डोळ्यांची पट्टी काढली," धुळीनाथ महाराज म्हणाले. "मोतीबिंदू गेला. म्हटलं, लोक एवढ्या लांबून झाड बघायला येतात. आपणही बघून यावं."

मंडळींत थोडं हसू पसरलं. ज्याचं दुखणं या झाडानं घेतलं तो हा माणूस, हे एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. वसुधाताईंनी पटकन डोक्यावरून पदर घेतला.

"बंध दाखव," महाराज पुन्हा म्हणाले.

केवलनाथाला आनंद झाला, हे लपत नव्हतं. इतकी वर्षं त्यानं गुरूंची सेवा केली. त्यांची गादी पुढं त्याच्याकडे येणार, असं गाव धरून चाललं होतं. पण आपण त्यांच्यासाठी काय केलं, हे गुरूंनी कधी विचारलं नव्हतं. धुरकट डोळ्यांनी ते आपल्या खोलीत बसून असायचे. आज त्यांनी चारचौघांत विचारलं.

तो झाडाभोवतीच्या चौथऱ्यावर चढला. फांदीच्या बुडाशी बांधलेली फडकी बाजूला केली. त्याखालचे दोरे पावसानं काळे पडले होते, हात लावताच तुटत होते. तेही बाजूला केले.

मग सगळ्यांनी पाहिलं.

साल वरून आणि खालून सुजली होती. दोन्हींच्या मध्ये खोल खाच पडली होती. आणि खाचेच्या तळाशी, हिरवी पडलेली, एक तार होती.

"तार?" वसुधाताईंच्या तोंडून निघालं.

"तांब्याची," केवलनाथ अभिमानानं म्हणाला. "पंथात यायच्या आधी मी पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचो. लोक दोरे बांधतात, ते एका पावसात कुजतात. माझ्या गुरूंचं आयुष्य कुजक्या दोऱ्यावर कसं सोडू? चांगली जाड तार घेतली, बरेच वेढे दिले आणि पक्कडीनं पीळ घातला. हाताला फोड आले, पण ढिली नाही ठेवली."

महाराज चौथऱ्यावर चढले. चष्मा वर केला. खाचेत बोट घातलं.

बोट पेरापर्यंत आत गेलं.

...

वर पाखरं ओरडत होती, तेवढाच आवाज.

"केवल."

"जी महाराज."

"पावसाळ्यात हे झाड काय करतं रे?"

केवलनाथाला हे पाठच होतं. "फुगतं, महाराज. मिळेल तेवढं पाणी पोटात भरून घेतं. खोड फुगतं, फांद्या फुगतात, हीच तर या झाडाची..."

तो थांबला.

या वेळी सवयीनं थांबला नव्हता.

"पक्कड आण," महाराज म्हणाले.

"कशाला, महाराज?"

"आण."

गुरूनं मागावं आणि शिष्यानं कशाला म्हणून विचारावं, हे पंथात बसत नाही. केवलनाथ गेला. पाय ओढत गेला, पण गेला. मठातून आपली जुनी पक्कड घेऊन आला आणि गुरूंच्या हातात दिली.

महाराजांनी तिचं तोंड खाचेत घातलं.

"नको!" केवलनाथ ओरडला. "महाराज, नको. तार तुटली तर तुम्ही..."

"मी काय?"

"तुम्ही जाल," तो म्हणाला.

"जाईन की," महाराज म्हणाले, जसं कुणी बाजाराला जाईन म्हणतं तसं. आणि त्यांनी पक्कड दाबली.

टक् आवाज झाला. एक वेढा तुटला.

केवलनाथानं झेप घेतली आणि त्यांचं मनगट धरलं. महाराजांनी सोडवायला बघितलं. म्हातारा हात तो, किती जोर असणार? पण त्यांच्या मुठीतली पक्कड सुटेना. केवलनाथानं ती हिसकली. मग दुसऱ्या हातानं त्यांना मागं ढकललं.

धुळीनाथ महाराज चौथऱ्यावरून खाली पडले.

चष्मा एकीकडे गेला, छत्री एकीकडे. कपाळ दगडावर आपटलं, त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

एकजण मोबाईलवर हे सगळं टिपत होता. त्यानं हात खाली घेतला.

"अहो!" वसुधाताई किंचाळल्या. "म्हाताऱ्या माणसाला ढकललंत! तुमच्या गुरूला!"

केवलनाथ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. ते हात ओळखीचे वाटत नव्हते. ज्या हातांनी तो रोज पहाटे त्यांचे पाय चेपायचा, तेच हे हात. असा धक्का माणसाला आयुष्यात एकदाच बसत असावा. एकदाच बसावा.

महाराज हळूहळू उठून बसले. उपरण्याच्या टोकानं कपाळ पुसलं. टोक लाल झालं. ते त्यांनी आपल्या नव्या डोळ्यांनी नीट पाहिलं.

वसुधाताईंनी चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला. "बाबा, फार लागलं का? पाणी आणू?"

"आण गं बाई."

ते पाणी प्यायले. पुरतं प्यायले. मग केवलनाथाकडे पाहिलं.

"इकडे ये."

तो आला.

महाराजांनी कपाळाकडे बोट केलं.

"बघ रे. दुखतंय तर मलाच."

...

वसुधाताईंच्या हातात एक दोरा होता. नवऱ्यासाठी बांधायला आणलेला, नवाकोरा, पिवळा. त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो पर्समध्ये ठेवला की हातातच राहिला, कुणी पाहिलं नाही.

"आता तू तोड," महाराज म्हणाले.

"माझ्या हातानं?"

"बांधली कुणी?"

"महाराज, काय वाटेल ते सांगा. कड्यावरून उडी टाक म्हणा, टाकतो. हे नको."

"का?"

"भीती वाटते." आता त्याला रडू फुटलं. लहान पोरासारखा हुंदका आला, आणि चारचौघांत आला. "तुम्ही भेटलात तेव्हा मी दारू पिऊन दुकानाच्या फळीवर पडलेला असायचो. आई गेली तेव्हाही शुद्धीत नव्हतो. तुम्ही उठवलंत. तुम्ही नसलात तर मी पुन्हा तिथंच जाईन, महाराज. मला माझा भरवसा नाही."

महाराजांनी खाली पडलेली पक्कड त्याच्यापुढे सरकवली.

मग म्हणाले, "तोड."

केवलनाथानं पक्कड उचलली. चौथऱ्यावर चढला. खाचेत तिचं तोंड घालताना हात दोनदा घसरला. मग दाबली.

टक्.

त्यानं वळून महाराजांच्या छातीकडे पाहिलं. छाती वरखाली होत होती.

टक्.

पुन्हा पाहिलं.

मग तो एकामागून एक तोडतच गेला. तार सहज निघेना. सालीनं ती गिळून टाकली होती. ओढावी लागली. ओढताना सालीचे तुकडे तिच्याबरोबर आले, आणि खाली कोरडं, तपकिरी लाकूड दिसलं.

शेवटचा तुकडा निघाला, तेव्हा मंडळी श्वास रोखून उभी होती.

काहीच झालं नाही. वारा सुटला नाही. फांदी हलली नाही. म्हातारा मेला नाही.

"आता पान फुटेल का हो हिला?" वसुधाताईंनी हळूच विचारलं.

"कोण जाणे," महाराज म्हणाले. "उशीर झालाय."

हे ऐकून केवलनाथ चौथऱ्यावरून उतरला नाही, कोसळलाच. गुडघ्यांवर रांगत महाराजांपर्यंत आला. त्यांच्या दोन्ही पायांना त्यानं मिठी घातली. नडग्यांवर कपाळ टेकलं आणि ढसाढसा रडू लागला.

"चुकलो, महाराज. मी तुमच्यावर हात टाकला. माझ्यासारखा पापी नाही. हे पाय मात्र सोडायला सांगू नका. हे आता मी जन्मभर सोडणार नाही."

मिठी आणखी आवळली. बोटांचे सांधे पांढरे झाले.

मंडळींच्याही डोळ्यांत पाणी आलं. वसुधाताई उघड रडत होत्या. गुरूशिष्याचं असं प्रेम बघायला मिळालं, इथवर आल्याचं सार्थक झालं, असं मागचे एक गृहस्थ बायकोला म्हणाले. ज्यानं मोबाईल खाली घेतला होता, त्यानं तो पुन्हा वर केला.

खाली बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.

महाराजांनी केवलनाथाच्या डोक्यावर हात ठेवला. मायेनं ठेवला, हे लांबूनही दिसत होतं. तसाच राहू दिला. त्याचं रडू ओसरू दिलं.

मग वाकले, त्याच्या कानाशी.

"केवल..."

"जी महाराज."

"जरा सैल धर रे. पायांना मुंग्या आल्यात."