सहाणेची चिठ्ठी

“पण घडवली कुणी, बुवा? तेवढं सांगा.”

त्र्यंबकराव रिसबुडांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. मठाच्या ओसरीवर त्यांनी पंचा अंथरून गंध उगाळायची दगडी सहाण ठेवली होती. मधोमध झिजून खोलगट झालेली.

निरंजनबुवांनी ती आपल्याकडे ओढून घेतली.

त्र्यंबकरावांनी पन्नास वर्षं जुन्या वस्तूंपायी घालवली होती. पडक्या देवळांतून, भंगाराच्या ढिगांतून समया, चौकटी, चित्रं वेचून आणली होती. जुनं लाकूड ते नुसत्या वासावरून ओळखत, आणि ओळखतो हे चारचौघांत सांगायला विसरत नसत. आता सगळा संग्रह संग्रहालयात जायचा होता. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी : काळ, गाव, घडवणारा. एवढी एकच चिठ्ठी कोरी राहिली होती.

“एका चिठ्ठीवाचून काय अडलंय?” बुवांनी विचारलं.

“माझं अडलंय.” त्र्यंबकरावांचा आवाज उतरला. “जन्मभर दुसऱ्यांनी घडवलेलं सांभाळलं. माझ्या हातून एक वस्तू घडली नाही, बुवा. निदान त्यांची नावं तरी सुटू नयेत.”

हे ते आजवर कुणाजवळ बोलले नव्हते. बोलल्यावर त्यांना लाज वाटली.

बुवांनी तांब्यातलं थोडं पाणी सहाणेवर घातलं. चंदनाचं खोड घेतलं आणि उगाळायला लागले.

“अहो, अहो!” त्र्यंबकराव ताडकन उठले. “झिजेल ना ती! तीनशे वर्षांची आहे!”

“अस्सं?” बुवांचा हात थांबला नाही. “आणि ही खळी? टाकीनं पाडलीय?”

“छे! टाकीचं काम लपत नाही. ही तर उगाळून उगाळून...”

जाणकार गृहस्थ तिथंच अडले.

बुवांनी खोड त्यांच्यापुढे धरलं.

घ्यावं की न घ्यावं... त्यांनी घेतलं. आधी बिचकत, मग हात आपसूक गोल फिरू लागला. ओसरीभर वास पसरला.

बुवांनी बोटावर गंध घेऊन त्यांच्या कपाळाला लावलं.

“मग... चिठ्ठीवर नाव कुणाचं घालू?” त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

“नावं पुष्कळ आहेत, चिठ्ठी पुरायची नाही,” बुवा म्हणाले. “शेवटचं तेवढं लिहा... त्र्यंबक रिसबूड.”