करवंटीची विहीर

खडपी बेटावर नारळीच्या राईत एक उथळ खळगा आहे. त्याला विहीर म्हणतात; पण कठडा नाही, रहाट नाही. तळाला वाळू आणि वर वीतभर गोडं पाणी. पाहुणा कळशी बुडवायला वाकला, की होडीवाला बाबी तारी त्याचा हात धरतो आणि आवडाबायची हकीकत सांगतो.

फार मागे पावसाने दगा दिला, असं सांगतात. विहीर आटत चालली. आवडाबायचा नवरा धाकू अंगापिंडाने दांडगा. तो म्हणाला, "आणखी खणूया. खाली पाणी असतलाच." तो खणत गेला आणि पाणी उसळून वर आलं. माणसं नाचली. जिच्या हाती जे आलं ते तिने भरून नेलं.

बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर नुसतं तरंगत असतं आणि फार खणलं-उपसलं की खालचं खारं वर येतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

आवडाबायचं दूध आटलं होतं. पुढे एका सकाळी तिने विहिरीचं पाणी तान्ह्याच्या ओठांना लावलं. त्याने तोंड फिरवलं. पोर किरकिरं झालं असेल, असं वाटून तिने दामटून पाजलं. पुन्हा पुन्हा पाजलं. संध्याकाळी पोर निपचित पडलं, तेव्हा तिने स्वतः घोट घेतला. पाणी खारं होतं.

पोराला तिने केवड्याच्या बनात पुरलं. बेटावरची माणसं होड्यांत बसून किनाऱ्याकडे निघाली.

"आवडे, चल गो," धाकूने विनवलं.

"तू जा. मी ह्यो खड्डो बुजवतलंय."

ती एकटी मागे राहिली. शहाळ्यांवर जीव धरून उपसलेली वाळू टोपलीने परत आत टाकत राहिली. हातांची सालं निघाली, म्हणे. मग उशिराने का होईना, पाऊस आला. तो वाळूत मुरला, हळूहळू साठला. तिने त्याला हात लावला नाही.

होड्या परतल्या तेव्हा ती काठावर बसली होती. धाकू घागर घेऊन पुढे झाला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"घागर नाय बुडवची," म्हणत तिने करवंटी पुढे केली. पुन्हा त्याच्याशी ती जन्मात बोलली नाही.

आजही उन्हाळ्यात पहिली करवंटी भरली, की ती बेटावरच्या सर्वांत लहान लेकराच्या ओठांना लावतात. बाकीच्या बाया रिकामी भांडी घेऊन उभ्या राहतात, ते गिळतं का बघत.