माशाचे खवले

नाणी आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. कुमुदआत्याच्या पेटीत एक चांदीचा रुपया होता. भाची शाल्मली त्याच्यासाठी हटून बसली, तेव्हा आत्याने तिला परदेशी चिल्लरीची वाटी दिली. "आधी ही सांभाळ."

शाल्मलीने मासा कोरलेलं नाणं घेतलं आणि चिंच-राखेने खसाखसा घासलं. नाणं चकाकलं, पण माशाचे खवले पुसले गेले. पोर हमसून हमसून रडली. पेटीत रुपयाला कापरं भरलं.

पुढच्या दिवाळीला आत्याने रुपया तिच्यापुढे ठेवला. रुपयाने डोळे मिटून घेतले. शाल्मलीने हात धुऊन कोरडे केले आणि दोन बोटांनी अलगद त्याची कड धरली.

"सुटलो बुवा! पोर जात्याच शहाणी आहे," रुपया म्हणाला.

"जात्याच नाही, रावसाहेब," वाटीतलं नाणं हसलं. "माझे खवले गेले, तेव्हा झाली."