दोन दोऱ्यांचं धनुष्य

मला ही गोष्ट लिहायची नव्हती. मी चौथी नापास माणूस. पण आमच्या विहाराच्या मंडळाचे गुलाब मेश्राम सकाळपासून ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "बाबा, वर्षावासाच्या अंकात शिकारीवरची एक जातककथा पाहिजे. तुम्ही जन्मभर हाकारे घातले. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" चहा दोनदा झाला तरी उठेनात. म्हणून लिहितो.

आमच्याकडे एके काळी ज्याच्या घरी दुनळी बंदूक, तो मोठा माणूस. रविवार आला की ससे, तितर, लावे यांच्या मागं अर्धं गाव माळावर. आम्ही झुडपं बडवायची आणि मुकुंदराव भिसीकरांसारख्या साहेबांनी नळ्या झाडायच्या. मग कायदा आला, माळ नांगरले गेले, तितर दिसेनासे झाले. आता ती दुनळी भिंतीवर टांगलेली असते आणि दसऱ्याला तिला झेंडूचं एक फूल मिळतं. लोकांची हौस अशी चढते आणि उतरते. हे आजचं नाही.

फार मागे वेणुपूर नगरात अरिंदम राजाचं राज्य होतं. त्या काळी बोधिसत्त्व धनुष्यं करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्माला आले होते. त्यांचं नाव वेळुक. बांबू कोणत्या महिन्यात तोडावा, किती दिवस धुरावर धरावा, कुठं तासावा आणि कुठं तासू नये, हे त्यांच्या हाताला कळत असे. त्यांचं धनुष्य ओढताना कुरकुरत नसे.

त्या नगरात वाघामागं कुणी फारसं जात नसे. शिकार म्हणजे ससा, तितर, लावा. त्या शिकारीची एक जुनी रीत होती. हाकारे झुडपं बडवत. ससा उठला की शिकाऱ्यानं एक बाण सोडायचा. तो चुकला, तर हाकाऱ्यांचा म्होरक्या काठी वर करून ओरडे, "सुटला! वनाचा झाला!" मग सगळे हाकारे काठ्या खाली टेकत. त्या सशामागं त्या दिवशी कुणी जायचं नाही. राजानंही नाही. हा म्होरक्या खंडक नावाचा म्हातारा होता आणि त्याचा आवाज टेकडीपलीकडे जाई.

बोधिसत्त्वांना एकाच गोष्टीचं वाईट वाटे. बाण अर्धवट लागलेला ससा झुडपात शिरायचा आणि तिथं दोन-दोन दिवस मरत पडायचा. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि एक नवं धनुष्य केलं. त्याला दोन दोऱ्या आणि दोन बाण. पहिला बाण लागून जनावर तडफडू लागलं, तर दुसऱ्यानं त्याची लगेच सुटका व्हावी. मनात दया होती. थोडा अभिमानही होता, तो लपवून काय करायचा?

राजा अरिंदम ते धनुष्य घेऊन माळावर गेला. तितर उडाला. पहिला बाण चुकला. खंडकानं काठी वर केली, तोंड उघडलं, तेवढ्यात राजानं दुसरा बाण सोडला आणि तितर खाली पडला.

खंडक म्हणाला, "महाराज, तो सुटला होता."

शिकारखान्याचा प्रमुख पिंगल मोठ्यानं हसला. "सुटला कुठं? हा काय पडलाय! म्हाताऱ्या, डोळे गेले का तुझे?"

सगळे हसले. राजाही हसला. खंडकाची काठी हळूहळू खाली आली.

वर्षभरात दोन दोऱ्यांचं धनुष्य घरोघरी झालं. ज्यांनी कधी माशी मारली नव्हती असे व्यापारीही ते खांद्याला लावून फिरू लागले. लग्नात जावयाला तेच द्यायचं. दुसऱ्या वर्षी हाकारे दुपारपर्यंत झुडपं बडवत आणि उठायचं काहीच नाही. लावे संपले, शेतात नाकतोडे माजले. पण हौस काही उतरली नाही. राजानं वसंतोत्सवासाठी वेळुकांना आणखी पाचशे धनुष्यं करायला सांगितली.

बोधिसत्त्व बांबू आणायला वनात गेले. करवंदीच्या जाळीखाली त्यांना तितराची एक मादी दिसली. वाळून काटकी झालेली, पंखात बाण. बाणावर त्यांच्याच घरची खूण. त्यांनी पुढची जाळी पाहिली, मग तिच्या पुढची. संध्याकाळी घरी परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर बांबू नव्हता. बाणांची मोळी होती.

त्यांची बायको भद्रा दारात उभी होती. तोंडाची फटकळ, मनाची सरळ. ती म्हणाली, "हे काय उचलून आणलंत?"

"माझेच बाण आहेत."

"नीट लागले असते तर शिकाऱ्याला परत मिळाले असते. चुकले असते तर मातीत रुतले असते. मग हे कुठले?"

"हे अर्धवट लागलेले. ज्याच्याकडे एकच बाण असतो तो थांबतो, बघतो, मग सोडतो. ज्याच्याकडे दोन असतात तो पहिला नुसताच सोडून देतो. मला वाटलं होतं, दुसरा बाण वेदना कमी करील. सगळ्यांचे हात बिघडले, भद्रे. मी बिघडवले."

"मग राजाला जाऊन सांगा."

"राजाचा हात बिघडलाय, हे त्याच्या तोंडावर सांगायचं? माझा हात तोडतील."

भद्रा मोळीकडे बघून म्हणाली, "आणि नाही सांगितलंत तर हात राहील. काय करणार आहात त्या हातानं? हीच पाचशे?"

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व ती मोळी घेऊन दरबारात गेले. म्हणाले, "महाराज, दोन दोऱ्यांचं धनुष्य मी यापुढं करणार नाही. ते मी चुकून केलं. त्यानं वन रिकामं झालं आणि आपला नेमही गेला."

पिंगल ओरडला, "जीभ छाटा याची!"

राजाचा चेहरा लाल झाला. "वेळुका, या राज्यात माझ्यासारखा नेम कुणाचा आहे? सिद्ध कर. नाही जमलं, तर उजवा हात मनगटापासून जाईल."

"चालेल, महाराज. पण त्यासाठी जीव मारायला नको. कुंभाराकडून वीस पणत्या मागवा. राजपुत्र असताना आपण पणत्यांवरच नेम शिकलात."

पणत्या आल्या आणि सगळे मैदानात गेले. खंडक एका भिंतीआड बसला आणि एकेक पणती आकाशात भिरकावू लागला. पहिल्या बाणांना तांबडी पिसं लावली होती, दुसऱ्यांना पांढरी. राजा सोडत गेला. विसांतल्या पंधरा फुटल्या. पिंगलानं टाळ्या वाजवल्या. "पंधरा! आता काढा याचा हात बाहेर!"

बोधिसत्त्वांनी उजवा हात पुढं केला आणि शांतपणे म्हणाले, "आधी कोणत्या पिसांनी किती फोडल्या ते सांगा."

खंडक समोर येऊन उभा राहिला. प्रत्येक पणती फुटताना त्यानं बाण पाहिला होता. म्हणाला, "तांबड्या पिसांनी चार. बाकी सगळ्या पांढऱ्या. आणि महाराज राजपुत्र होते तेव्हा याच मैदानात एका दोरीनं विसांतल्या सतरा फोडल्या होत्या. तेव्हाही पणत्या मीच फेकल्या होत्या."



बोधिसत्त्वांनी विचारलं, "महाराज, पहिला बाण सोडताना तो कुठं जातोय, हे आपण पाहिलंत का?"

पिंगल मध्ये बोलायला गेला. राजानं त्याला हातानं थांबवलं. धनुष्याकडे बघून तो म्हणाला, "नाही पाहिलं."

"का?"

"दुसरा होता म्हणून."

तेव्हा बोधिसत्त्वांनी मोळी सोडून त्याच्या पायापाशी ठेवली. "न पाहता सोडलेले बाण कुठं जातात, ते हे. वाळलेल्या पंखांतून मी एकेक काढून आणलेत. यात आपले आहेत, सगळ्या नगराचे आहेत. आणि केलेले सगळे माझे आहेत."

राजानं कमरेची सुरी काढली. दरबाऱ्यांना वाटलं, आता हात जातो. राजानं धनुष्याची दुसरी दोरी कापली.

तीन दिवसांनी तो माळावर गेला. फार वेळानं एक ससा उठला. राजा थांबला, त्यानं नीट पाहिलं आणि बाण सोडला. सशाच्या कानावरून तो गेला आणि मातीत रुतला. खंडकानं राजाकडे पाहिलं. एकदा हसू झालेला माणूस, त्याची काठी वर जाईना. ससा बांधापर्यंत पोचला तरी कुणी बोलेना. मग राजाच ओरडला, "सुटला! वनाचा झाला!" आणि मग खंडकाची काठी वर गेली.

पुढं नगरात दुसरी दोरी बाळगणं लाजेचं झालं. ज्याला नेम नाही त्यानं ती लावायची, असं पोरी चिडवू लागल्या. जावयांनी ती धनुष्यं भिंतीवर टांगली. उत्सवात लोक पणत्या फोडू लागले आणि कुंभारांना दम घ्यायला वेळ मिळेना. माळावर पुन्हा लावे बोलू लागले. एका दोरीची जुनी धनुष्यं घरोघरी होतीच, त्यामुळं वेळुकांकडे मात्र धनुष्य मागायला कुणी येईना. ते कापूस पिंजायची धनुष्यं करू लागले. भद्रा म्हणाली, "यांचा आवाज बरा आहे." त्यावरच त्यांचं आयुष्य गेलं.

ही गोष्ट संपवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, मागच्या जन्मी कोण कोण होतं ते सांगितलं. राजा अरिंदम म्हणजे आताचा आनंद. हाकारा खंडक म्हणजे सारिपुत्त. भद्रा म्हणजे यशोधरा. टाळ्या वाजवणारा पिंगल म्हणजे देवदत्त. "आणि वेळुक नावाचा कारागीर, तो मीच होतो," असं ते म्हणाले. यात जी पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वानं पुरा करायचा गुण, आहे ती सत्याची. आपल्या हातून झालेली चूक आपण होऊन, चारचौघांत सांगायची.

माझ्या डाव्या पोटरीत दुनळीचे तीन छर्रे आहेत. पहिल्या नळीतून ससा निसटला होता. मी झुडपाआडून उठलो, काठी वर केली. दुसरी नळी न पाहता झाडली गेली. वेळुकांनी चूक कबूल केली, राजानंही केली. आता राहिले एकटे मुकुंदराव भिसीकर.