तायव्वाच्या लुगड्यातला पान्हा

हा सपाट दगड दिसतो ना, त्याला आम्ही पान्ह्याचा दगड म्हणतो. जोडे तिकडे काढा आणि बसा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसू यायचं नाही.

असं सांगतात, की म्हाकू नावाचा धनगर मेंढरं घेऊन या माळावर उतरला होता. त्याची बायको तायव्वा इथंच बाळंत झाली आणि मुलगी त्याच्या पदरात टाकून तिसऱ्या दिवशी गेली. खाली ओढ्याला पूर, वाडीकडे जायची वाट बंद. म्हाकूनं तिला इथंच माती दिली. अंगावरचं लुगडं सोबत द्यायची रीत, पण ते काही त्याला देववेना.

मेंढीचं दूध चिंधीनं पाजलं, तर पोर ओकून टाकी. रडून रडून तिचा आवाज बसला.

आता पुढचं धनगरालाच सुचावं. मेंढीचं कोकरू मेलं, तर त्याचं कातडं आम्ही पोरक्या कोकराला पांघरतो. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. म्हाकूनं उलटं केलं. तायव्वाचं लुगडं स्वतःला गुंडाळलं आणि पोरीला उघड्या छातीशी धरलं. आईचा वास येताच ती गप्प झाली, चोखू लागली. दूध कुठलं असणार? पण रडं थांबलं, आणि मधूनमधून पाजलेले चार थेंब पोटात राहू लागले. तो दिवसभर तसाच बसायचा. "तायव्वा, तुझी लेक जगव गं," एवढंच म्हणायचा.

आठव्या दिवशी म्हणे त्याची छाती ठणकली आणि लुगडं ओलं झालं. त्याला वाटलं, पोरीनं ओकलं. बघतो तर त्यालाच पान्हा फुटलेला.

मागं एक डॉक्टर आले होते. म्हणाले, बाबा, पुरुषाच्या छातीतही दुधाच्या ग्रंथी असतात, लेकरानं सारखं ओढलं तर क्वचित दूध येतं. मी म्हटलं, आम्ही कुठं नाही म्हणतोय?

पूर ओसरला तशी म्हाकूची बहीण वर आली. भावाला मळक्या लुगड्यात बघून तिला भडभडून आलं. तो मेंढरांमागं गेला असता तिनं मायेनं ते ओढ्यावर नेऊन धुतलं. म्हाकू परत आला, तर लुगडं धुऊन वाळत घातलेलं. त्याला वाटलं, आता पोर छातीला लागायची नाही, मरणार. त्यानं पोरीला जवळ घेतलं. ती लगेच चोखू लागली.

"बघ दादा, तुझा वास वळखती ती," बहीण म्हणाली.

म्हाकू ढसाढसा रडला. पोरीला आता तायव्वाचा वास नको होता. त्याला हवा होता.

आजही आमच्यात पहिलं मूल झालं, की बाप बायकोचं न धुतलेलं लुगडं अंगावर घेऊन या दगडावर बसतो आणि मूल छातीशी धरतो. हल्ली साड्या आणतात, कुणी गाऊन आणतं. चालतं. मीही बसलोय इथं.

माझी म्हातारी जाऊन चार वर्षं झाली. तिचं एक लुगडं पेटीत आहे. सुनेला बजावून ठेवलंय, त्याला पाणी लावायचं नाही.