शेगडी रिकामी गेली

"म्हणजे लोकांना गुलामीच आवडते. असंच ना, बाबा?"

इंद्रजितने हे विचारलं तेव्हा शंभूगिरी बाबा धुनीत लाकूड सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणत्या लोकांना?"

"पुष्पाताईंना. आणखी कोणाला?"

पुष्पाताई आमच्या मठाचं वाचनालय सांभाळतात. मठाच्या दारालगतच्या ओवरीतली एक लांबट खोली, तीन भिंतींना पुस्तकं, चौथ्या भिंतीला कॉम्प्युटर. इंद्रजित ढवळे याच गावचा. शाळेत असताना त्याने कीबोर्डला पहिल्यांदा बोट लावलं ते या खोलीत, आणि ते बोट धरलं होतं बाबांनी. संन्यास घेण्याआधी बाबा टेलिफोन खात्यात होते, तारा आणि यंत्रं त्यांना नवी नव्हती.

आता इंद्रजित पुण्याला असतो. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर त्यानेच लिनक्स घातलंय, कंपन्यांच्या सॉफ्टवेअरऐवजी चालणारं फुकट सॉफ्टवेअर, आणि त्याचा तो भक्त आहे. भक्त हा शब्द मी जपून वापरतो. मठाच्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं, भक्त बरेच पाहिले.

त्या सकाळी मी ओट्यावर तूरडाळ निवडत बसलो होतो. डाळ निवडताना कान मोकळेच असतात.

"उद्या कंपनीची माणसं येणार," इंद्रजित म्हणाला. "नवी मशीन, त्यांचंच सॉफ्टवेअर, सगळं फुकट. माझं लिनक्स पुसून टाकणार. आणि पुष्पाताईंनी हो म्हटलं! मला फोनवर कळलं. रात्रीच्या गाडीने निघालो तो थेट इथे."

"चहा घेतलास का?"

"बाबा, तुम्ही एक शब्द टाकलात तर हे थांबेल. तुमचा शब्द पुष्पाताई मोडणार नाहीत."

बाबांनी लाकूड थोडं मागे ओढलं. धूर कमी झाला.

"कंपनीचं नको का?"

"नकोच. बंद पेटी असते ती. आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, पण तुम्ही काय लिहिता, काय बघता, ते त्यांना दिसतं. आज फुकट देतील. उद्या म्हणतील, हे जुनं झालं, आता नवीन घ्या. तेव्हा पोरांनी काय करायचं?"

"खरं आहे," बाबा म्हणाले.

इंद्रजित अडखळला. बिचारा वादाची तयारी करून आला होता.

"आणि लिनक्स... ते उघडं आहे, बाबा. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं. कोणीही आत डोकावावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मालक कोणीच नाही."

"हेही खरं आहे."

"मग?"

"मग पुष्पानं हो का म्हटलं?"

...

इंद्रजितने धुनीतली एक काडी उचलली आणि परत ठेवली.

"प्रिंटरमुळे."

"काय झालं प्रिंटरला?"

"तो चालवायला एक छोटा प्रोग्राम लागतो. तेवढा एकच कंपनीचा होता, बंद. बाकी सगळं स्वच्छ असताना ती एक घाण कशाला ठेवायची? दिवाळीत आलो होतो तेव्हा काढून टाकला."

"आणि प्रिंटर?"

"थांबला. पण बाबा, त्याला दुसरा मोकळा मार्ग आहे! पुष्पाताईंनी फोन केला तेव्हा मी त्यांना सगळं पाठवलं. थोडं वाचावं लागतं, काही कमांड द्याव्या लागतात. एकदा शिकल्या असत्या तर कायमच्या सुटल्या असत्या."

"कोणत्या भाषेत पाठवलंस?"

"...इंग्रजीत. ते सगळं इंग्रजीतच असतं."

"ती काय म्हणाली?"

"'बरं' म्हणाल्या."

दिवाळीपासून गावातल्या बाया दाखल्याची नाहीतर पोरांच्या परीक्षेच्या प्रवेशपत्राची एक प्रत काढायला एसटीने तालुक्याला जात होत्या. मला हे ठाऊक होतं. पण मी बोललो नाही, डाळीत खडे फार होते.

इंद्रजित जरा पुढे सरकला. त्याचा चेहरा उजळला होता. काहीतरी पक्कं सापडल्यावर माणसाचा उजळतो तसा.

"तुम्हीच बघा ना, बाबा. ही धुनी. कितीतरी पिढ्या अखंड जळतेय. हिला मालक नाही. कोणीही यावं, निखारा न्यावा. लिनक्स असंच आहे. तुम्ही कधी हिच्यात बाजारातलं काही मिसळू दिलंत का?"

"मागच्या पुरात विझली होती," बाबा म्हणाले.

"काय?"

"इथवर पाणी आलं होतं." त्यांनी खांबावरची पुराची खूण दाखवली. "गेली विझून."

"मग?"

"पाणी उतरल्यावर पेटवली."

"कशाने?"

"काडेपेटीने."

इंद्रजितला पटेना. "दुकानातल्या?"

"काडेपेट्या आणखी कुठे मिळतात?"

"पण गावात तर सगळे सांगतात, ही धुनी कधी विझलीच नाही..."

"लोक प्रेमळ आहेत," बाबा म्हणाले आणि उठले. खांद्यावर पंचा टाकला. "मी नदीवर आंघोळ करून येतो. धुनीकडे बघ. कोणी निखारा मागायला आलं तर दे."

...

आमच्याकडे एक रीत आहे. घरात बाळ जन्मलं की बारसं होईपर्यंत त्याच्या धुरीचा निखारा मठाच्या धुनीतून न्यायचा. आजी सकाळी शेगडी घेऊन येते, निखारा घेऊन जाते. बाळाला न्हाऊ घातलं की त्यावर ओवा नि बाळंतशेपा टाकून धुरी देतात. धुनीशी बसलेल्याने फक्त चिमटा उचलायचा. आजवर कोणी त्याहून जास्त काही केलं नव्हतं.

इंद्रजितने धुनी छान मांडली, हे मी कबूल करतो. राख बाजूला केली, बाभळीची लाकडं आडवी-उभी रचली, मधे हवेला वाट ठेवली. आमच्याकडून कधी पेटली नव्हती अशी निवांत पेटली.

तेवढ्यात मालनबाई आल्या. खालच्या आळीच्या. त्यांच्या लेकीला मुलगा झालेला. हातात लोखंडी शेगडी, पदर खोचलेला, चालण्यात घाई.

"लेकरा, इस्तू दे रं."

"देतो ना, मावशी. पण रोज एवढं चालत कशाला येता?"

"रीत हाय बाबा."

"रीत ठीक आहे. पण विस्तव घरीच राखता येतो. सोपं आहे. बसा, दाखवतो."

"बाळाला न्हाऊ घातलंया. वलंच हाय ते..."

"लगेच होतं. हे बघा." त्याने काडीने राखेत आकृती काढली. "निखारा असा आडवा ठेवायचा. खाली गोवरीचा चुरा. वर राख, पण दाबायची नाही, हवा आत गेली पाहिजे. बाभूळ मिळाली तर उत्तम. लिंब नको, धूर करतो. का करतो, सांगू?"

मालनबाईंनी गावाकडे पाहिलं.

"एकदा कळलं ना मावशी, की कोणापुढे हात पसरायला नको. मठापुढे नको, माझ्यापुढे तर नकोच. तुमचा विस्तव तुमच्या ताब्यात."

मनापासून शिकवत होता हो. आणि चांगलं शिकवत होता. लिंबाच्या धुराचं मलाही त्या दिवशी नव्याने कळलं. पण मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम. चिमटा त्याच्या मांडीपाशी पडला होता.

"बरं," मालनबाई म्हणाल्या.

आणि रिकामी शेगडी घेऊन निघाल्या.

"मावशी, पुढचं तर ऐका! राख कोणती वापरायची ते राहिलं..."

त्या घराकडे वळल्या नाहीत. पाराजवळच्या दुकानाकडे वळल्या.

...

बाबा ओल्या पंच्याने परतले. धुनीकडे बघून थांबले.

"सुरेख मांडलीस."

इंद्रजित खुलला. "मालनबाई येऊन गेल्या, बाबा. मी त्यांना विस्तव राखायची सगळी पद्धत समजावली. आता त्यांना रोज यायला लागणार नाही."

"निखारा दिलास?"

"तेच सांगतोय. आता त्यांना निखाऱ्याची गरजच नाही."

"दिलास का?"

इंद्रजितने धुनीकडे पाहिलं. मग चिमट्याकडे. तो होता तिथेच होता.

...

मठाच्या दारावरूनच खालच्या आळीची वाट जाते. मालनबाई परत जाताना दिसल्या. एका हातात शेगडी, दुसऱ्या हातात रंगीत डबी. बाबांना पाहून त्यांनी ती डबी पदराखाली घेतली.

"राम राम, बाबा."

"राम राम. बाळ कसं आहे?"

"ग्वाड हाय. रडतंय आंघुळीपासनं." त्या जरा ओशाळल्या. "दुकानातनं धुपाच्या कांड्या आणल्या. लायटर बी दिला त्यानं, खटक्यावर पेटतोय. ते दादा शिकवीत व्हते चांगलं. पर मला येळ न्हवता."

"असू दे. जा तू, बाळ ओलं आहे."

त्या गेल्या. इंद्रजित उभाच राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

"मी त्यांना मोकळं करत होतो, बाबा."

"झाली की मोकळी," बाबा म्हणाले. "आता उद्या इथे येणार नाही."

मी डाळीत हात फिरवत राहिलो. खडे केव्हाच संपले होते.

"ते पुष्पाताईंचं..." इंद्रजित म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली. "तो प्रोग्राम परत घालायचा म्हणजे कंपनीपुढे मान तुकवणंच आहे, बाबा. मी इतकी वर्षं ज्याच्याविरुद्ध बोलतोय, तेच हाताने करायचं?"

बाबांनी चिमट्याने एक चांगला धगधगीत निखारा उचलला, मातीच्या खापरात ठेवला, वर चिमूटभर राख भुरभुरली आणि खापर त्याच्या हातात दिलं.

"मालनच्या घरी नेऊन दे."

"त्यांनी तर कांड्या आणल्या."

"तरी दे."

"जाऊन काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

इंद्रजित दारापर्यंत गेला. खापर गरम होतं, तो हात बदलत होता. तिथून वळून म्हणाला, "आणि वाचनालय?"

"त्याच वाटेवर आहे," बाबा म्हणाले.

...

जेवणाची पंगत बसायची वेळ झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. मी ताट वाढून झाकून ठेवलं. मग ओवरीच्या बाजूने एक आवाज आला, खर्र... खर्र... आणि पुन्हा खर्र. दिवाळीपासून तो ऐकला नव्हता. आधी मला वाटलं कोणीतरी पाट्यावर काही वाटतंय. मग कळलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

इंद्रजित आला तेव्हा त्याच्या बोटांना काळं लागलं होतं. थोडं राखेचं, थोडं शाईचं. तो धुनीपाशी बसला.

"घातला परत तो प्रोग्राम," तो म्हणाला. "तोंड कडू झालं, बाबा."

"पाणी पी."

तो पाणी प्यायला.

"बाळाला धुरी दिली. शिंकलं ते. सगळे हसले." तो स्वतःही थोडा हसला. "निघताना मालनबाईंनीच विचारलं, हा राखेखाली ठेवला तर उद्यापर्यंत राहील का म्हणून."

"सांगितलंस?"

"एका वाक्यात."

बाबांनी मान डोलावली. माझ्या हातातलं ताट घेऊन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने घास घेतला नाही.

"पुष्पाताईंना म्हटलं, माझं चुकलं. त्या 'बरं' म्हणाल्या. दिवाळीला म्हणाल्या होत्या तसंच. काही कळत नाही त्यांच्या 'बरं'मधून." तो ताटाकडे बघत होता. "प्रिंटर चालू झाला, पोरं नाचली, पण उद्या कंपनीला नाही म्हणेन असं त्या म्हणाल्या नाहीत. आणि मी विचारलं नाही."

"बरं केलंस."

"पण बाबा, उद्या त्यांनी हो म्हटलं तर? माझं सगळं पुसलं गेलं तर?"

बाबांनी चिमटा उचलला, फडक्याने पुसला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"कधीतरी कंपनीचं मशीन अडेल," ते म्हणाले. "तेव्हा पुष्पा शेगडी घेऊन येईल... तू इथे असशील ना?"